गोळी गरम, शिंदी थंड

आमच्या वस्तीत दारू कोणी पीत नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या मंडळाचं पत्रक म्हणतं. आणि ते पत्रक मीच लिहिलेलं असल्यामुळे त्याच्यावर अविश्वास दाखवणं मला शोभत नाही.

पत्रकांशी माझं नातं जुनं आहे. वडील परभणीच्या एका छापखान्यात खिळे जुळवतात. आमच्या घरात पुस्तकं आली ती खूप उशिरा. त्याआधी होती पत्रकं. शाई फिसकटलेली, एका बाजूने कोरी, मधोमध दुमडलेली. फुटाणे पत्रकात बांधलेले, फळीवर डब्यांखाली पत्रक अंथरलेलं, माझ्या अंकलिपीला कव्हर पत्रकाचं. 'बदक' वाचायला यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. कॉलेजात सर म्हणतात, तुझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं फार. वडील म्हणतात, छापखान्यात तो खिळा सगळ्यात आधी झिजतो, तो तुझ्यासारख्यांमुळेच. म्हणून इथे ती कमीत कमी वापरते आहे. वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालून घ्यावीत.

विद्यापीठाचं नाव अजून बदललेलं नाही. बदलेल तेव्हा बदलेल. त्या नावापायी ज्यांची घरं जळली त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला मंडळाला फुरसत नसते, कारण मंडळ त्यांचे सत्कार करण्यात गुंतलेलं असतं. माझ्या मामाचे असे बरेच सत्कार झाले. तो शाळेत मास्तर. नामांतराच्या पहिल्या दंगलीत चारठाण्याच्या बाजूच्या एका खेड्यात त्याचं घर जाळलं गेलं. मग बदली होऊन तो झरीला, आमच्या मूळ गावी आला, आमच्याच वस्तीत दोन खोल्या बांधून राहिला, आणि आमच्या मंडळाला आयता एक जिवंत हुतात्मा मिळाला. प्रत्येक सभेत अध्यक्ष त्याच्याकडे हात करून म्हणायचे, "हे बघा, आगीतून चालत आलेला निर्भय माणूस." मामा मान खाली घालायचा. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

खरं म्हणजे त्याला घाम फुटलेला असायचा. कोणी दाराची कडी वाजवली की त्याच्या कपातला चहा बशीत यायचा. लग्नात फटाके लागले की हा निर्भय माणूस कुठल्या तरी भिंतीला पाठ लावून उभा राहिलेला सापडायचा. मामीचा हात झोपेत जरी लागला तरी ताडकन उठून बसायचा. या सगळ्याला आम्ही 'धडधड' म्हणत होतो. भीती म्हणायची सोय नव्हती. आमच्या पत्रकांमध्ये भीती फक्त समोरच्यांना वाटते.

एका हिवाळ्यात धडधड इतकी वाढली की मामा फळ्यावर लिहिताना खडू मोडायला लागला. त्याला परभणीला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. आता, आमच्याकडे माणूस दवाखान्यात एकटा जात नाही. एकटा गेला तर याला कोणी नाही असं दिसतं, आणि ते वस्तीच्या इज्जतीला बरं नाही. त्यामुळे मामाबरोबर मामी, अध्यक्ष, शेजारचे आबा आणि परभणीच्या स्टँडवरून मी, असे सगळे डॉक्टरच्या खोलीत शिरलो. आबा म्हणजे वस्तीतलं सगळ्यात जुनं माणूस. कोणता पदार्थ गरम आणि कोणता थंड, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. पपई गरम, केळी थंड, शेवग्याचं पान गरम, असा निकाल ते बसल्या जागी देतात आणि त्यावर कुठे अपील नसतं.

डॉक्टरने मामाला विचारलं, "झोप लागते का?"

"कशी लागंल साहेब," अध्यक्ष म्हणाले, "समाजाची चिंता हाय."

"जेवण?"

"निम्म्यावर आलंय," आबा म्हणाले.

डॉक्टरने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा मामाकडे पाहून विचारलं, "दारू घेता का?"

"न्हाई!" हे उत्तर आम्ही एवढ्या एकजुटीने दिलं की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. आमच्या मंडळाचं एकमत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मामाही 'न्हाई'च म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. निदान त्याच्या समजुतीने नाही.

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. म्हणाला, "यांनी मन शांत राहील, झोप येईल. पण एक लक्षात ठेवा. या गोळीवर दारूचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. दोन्ही एकत्र झालं तर माणूस झोपतो आणि उठत नाही."

"साहेब, त्यो सवालच न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "आमच्यात पाचवं शील असतंय. मादक पदार्थ वर्ज्य."

डॉक्टरला पहिली चार तरी माहीत होती की नाही कोण जाणे. तो "छान, छान" म्हणाला आणि त्याने पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

डॉक्टरचा शब्द आम्ही तंतोतंत पाळला. दारूचा थेंबही मामाच्या पोटात गेला नाही. गेली ती शिंदी.

शिंदी म्हणजे दारू नाही. का नाही, असं विचारणारा माणूस आमच्याकडे शहरात राहून बिघडलेला समजला जातो. ओढ्याच्या काठाला शिंदीची झाडं आहेत, त्यांना मडकी लागतात, गावाबाहेर दुकान आहे, आणि निजामाच्या काळापासून उन्हाळ्यात दुपारी माणसं तिथे पोट थंड करायला जातात. चढते, हे खरं. पण चढते ती गारव्यामुळे, असं आबांचं मत. शिंदी पाचव्या शीलात मोडते की नाही, हा विषय मंडळात एकदा निघाला होता. अध्यक्ष म्हणाले, विषय गंभीर आहे, सविस्तर चर्चा पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक शिंदीच्या ऐन हंगामात लागली आणि कोणी आलंच नाही.

मी आबांशी वाद घातला होता. म्हटलं, "आबा, आंबवलेलं हाय, नशा येते, म्हणजे दारूच झाली."

"पोरी, तू ताक पितीस का?"

"पिते."

"ते बी आंबलेलंच हाय की. सोड मंग आजपासून." आणि ओसरीवर बसलेल्यांकडे पाहून म्हणाले, "कॉलेज शिकायली, पर ताक कळंना."

सगळे हसले. मी पुढच्या दारूविरोधी पत्रकात शिंदीचा उल्लेख घातला. अध्यक्षांनी तो प्रुफातच खोडला. वर्गणी देणारे दुखावतील, म्हणाले. तर पत्रकात हातभट्टी गेली, देशी गेली, विदेशीसुद्धा गेली, जी आमच्या वस्तीत कोणाला परवडण्यातली नव्हती. तिचा आम्ही फारच कडक शब्दांत धिक्कार केला.

आता गोळ्यांचं. पहिल्या आठवड्यात मामाच्या तोंडाला कोरड पडायला लागली, उठल्यावर चक्कर यायची. मामीने निदान केलं की गोळी गरम पडली. इंग्रजी औषध गरम असतं, हे आमच्याकडे न शिकवता कळतं. मामीने सब्जा भिजवून दिला, गुलकंद दिला, तळपायाला कांदा चोळला. उतार पडेना. मग तिने आबांना विचारलं. हे संभाषण माझ्यासमोर, मामाच्या अंगणात झालं.

"गोळीवर गिलासभर शिंदी देत जा," आबा म्हणाले. "गरमीला थंडी. गोळी अंगाला लागंल."

मामी घाबरली. "आबा, डाक्टरनं दारू वर्ज्य केलीय. तुमीच होते की तिथं."

"मी दारू म्हनलो का?"

"न्हाई."

"मंग?"

मी मध्ये तोंड घातलं, तर आबा म्हणाले, "हिला ताक दे आधी." विषय संपला.

मामीला कोणी मूर्ख म्हणू नये. तिचं एक साधं गणित होतं: नवरा घाबरतो, गोळीने थांबतो, गोळी गरम आहे, गरमीचा उतारा थंड. यातली एक पायरी चुकली होती आणि ती सगळ्या गावाची चुकलेली होती. दुकानावर बायका जात नाहीत, म्हणून ती शेजाऱ्याच्या हाती लोटा पाठवायची. दुपारी शाळा सुटून मामा आला की ताटाशेजारी लोटा ठेवलेला असायचा, वर फडकं बांधलेलं.

आणि गुण आला. इतका आला की सगळे चकित. कडी वाजली तरी मामा हलेना. संध्याकाळी पारावर पोरांनी सुतळी बॉम्ब लावला, मामा घोरत होता. मामी म्हणाली, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. आबा म्हणाले, डॉक्टरच्या नव्हे. हळूहळू मामाचं बोलणं जड झालं, शब्द जिभेला चिकटायला लागले. मामी म्हणाली अशक्तपणा. चालताना तोल जायला लागला. आबा म्हणाले, उष्णता पायात उतरली. अशक्तपणा आणि उष्णता, दोन्हीवर इलाज एकच होता, त्यामुळे लोटा मोठा झाला. शाळेत तो खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगायचा. शाळा एवढी खूश कधीच नव्हती.

मी सुट्टीत गेले तेव्हा मामा मला म्हणाला, "पोरी, लय वर्सांनी डोकं निवांत झालंय." आणि हसला. मामाला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं होतं. त्या हसण्यापुढे ताकाचा वाद पुन्हा काढायचं मला सुचलं नाही.

मग जयंती आली.

जयंतीला आमच्याकडे दिवसभर कार्यक्रम असतो. सकाळी वंदना, मग मिरवणूक, उन्हं कलल्यावर विहारासमोर सभा. त्या वर्षी सभेत मामाचा सत्कार होता आणि सत्कारानंतर त्याचं भाषण. विषय अध्यक्षांनी दिला होता: 'निर्भय कसे व्हावे'. परभणीहून पाहुणे बोलावले होते, त्यांच्यासाठी एका ओळखीच्याची जीप मागवली होती. पत्रकं मी पोचवली होती. सगळं व्यवस्थित होतं, एक सोडून. बंदोबस्ताची पोलीस गाडी नेमकी मामाच्या घरासमोरच्या वळणावर येऊन थांबली.

मामी नंतर सांगत होती. सकाळची गोळी तिनेच दिली होती, गिलासभर शिंदीवर. मामाने खिडकीतून गाडी पाहिली, आत आला, पुन्हा खिडकीशी गेला. गोळ्यांचं पाकीट खिशात टाकलं. लोटा त्याने स्वतःच उचलला. "भाषण हाय," एवढंच म्हणाला. आज डोकं निवांत असायलाच पाहिजे होतं.

सभेला मामा पांढऱ्या शर्टात आला आणि खुर्चीवर बसला. अध्यक्षांनी सुरुवात केली, आग, चालत आलेला माणूस, सगळं नेहमीप्रमाणे. मामाची मान छातीवर गेली. "बघा," अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या गर्दीतसुद्धा गुरुजी चिंतन करायलेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माईकमधून घोरण्याचा आवाज आला.

आधी पोरं हसली, मग बायका, मग मागच्या बाजूला उभे असलेले पोलीसही हसले. अध्यक्ष मामाकडे वाकले, खांदा हलवला आणि एकदम सरळ झाले. शेजारच्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला.

"पिलेत हे," पाहुणे म्हणाले. माईक चालूच होता.

पुढचं मला फार बारकाईने आठवतं, कारण आमचं मंडळ एवढ्या वेगाने कामाला लागलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मामाला खुर्चीसकट उचलून मंडपाच्या मागे नेलं. सतरंजीवर उताणं निजवलं. बाहेरच्यांना दिसू नये म्हणून अंगावर चादर घातली, तोंडावरूनसुद्धा. "झोपू द्या, उतरंल," असं ठरलं. इकडे सभा चालूच राहिली. शाल उरली होती, ती पाहुण्यांना घातली. मंडपामागेच तातडीची बैठक बसली आणि समाजाची इज्जत घालवल्याबद्दल गुरुजींना मंडळातून काढून टाकावं असा ठराव मांडला गेला. ज्यांनी मांडला आणि ज्यांनी त्याला अनुमोदन दिलं, ते दोघेही दुपारी आबांच्या ओसरीवर पोट थंड करून आले होते. पण ती शिंदी होती. मामाने घेतली तीही शिंदीच होती. पण तो पडला होता, आणि पडलेल्या माणसाने घेतलेली शिंदी आमच्याकडे दारू होते.

मी ओरडले, "आधी दवाखान्यात न्या, मग ठराव करा." अध्यक्ष म्हणाले, "बाई, मुद्द्याला धरून बोला."

मामी बायकांच्या बाजूने धावत आली. तिने चादर ओढून काढली.

"गुरुजी," तिने हाक मारली. तीसुद्धा त्याला गुरुजीच म्हणते. "गुरुजी, उठा. घरी जाऊ."

तिने त्याच्या गालावर हात ठेवला. मग खांद्यावर. मग छातीवर. आणि तिचा चेहरा मी पाहिला. मघापासून आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो, आणि काय चुकतंय ते तिला एका हातात कळलं.

"हे दचकंनात," ती म्हणाली.

"झोपलेत, वैनी," अध्यक्ष म्हणाले.

"झोपेत दचकतेत. इतकी वर्सं झाली, माझा हात लागला आन हे दचकले न्हाईत असं एक दिवस न्हाई झालं." तिने त्याच्या पापणीला बोट लावलं, कान पिळला. घोरणं मध्येच थांबायचं, आम्ही वाट पाहायचो, मग कुठून तरी खोलातून पुन्हा सुरू व्हायचं. प्रत्येक वेळी थांबणं थोडं लांबत होतं. मी त्याचा हात उचलला. नखं निळी पडली होती.

"जीप आणा," मामी म्हणाली.

"जीप पाव्हण्यांसाठी हाय. त्यांना सोडून आली की..."

मामीने पुढचं ऐकलं नाही. जीप विहाराच्या कोपऱ्यावर उभी होती. ती गेली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पाव्हणे यायचेत."

"पाव्हणे चालत जातील. पाय हायेत त्यांना." आणि तिथूनच ओरडली, "आणा गुरुजीला! का मीच उतरून उचलू?"

आणलं. पोरांनी उचलून मागच्या सीटवर ठेवलं, मामी मागे आली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उताणं असताना घोरणं अडकतंय हे पाहून तिने त्याला कुशीवर केलं, आणि परभणी येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. मी, अध्यक्ष आणि आबाही चढलो. माणूस दवाखान्यात एकटा जात नाही.

वाटेत अध्यक्षांनी सूचना दिल्या. "तिथं कुणी जादा बोलायचं न्हाई. छातीत कळ आली, बस. शिंदीचं नाव काढलं तर उद्या पेपरात येतंय, नामांतरवाले सभेत पिऊन पडले. जन्मभर तेच ऐकवतील आपल्याला."

माझी पंचाईत ही की ते खोटं नव्हतं. मी पत्रकांवर वाढले आहे, ती बातमी कशी जुळवली जाईल हे मला खिळ्यांसकट दिसत होतं. आमचा एक माणूस पडला की सगळी वस्ती पडली असं छापतात. त्यांचा पडला तर त्याची तब्येत बिघडलेली असते. पण मामीच्या मांडीवर घोरणं पुन्हा थांबलं होतं आणि ती त्याच्या नाकाशी हात धरून बसली होती. बातमीचा विचार करायला तो मौका बरा नव्हता.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई ड्यूटीवर होत्या. तरुण, थकलेल्या. त्यांनी मामाच्या डोळ्यात बॅटरी मारली, नाडी पाहिली. "काय झालं?"

"छातीत कळ आली," अध्यक्ष म्हणाले.

"दारू?"

"न्हाई." या वेळी एकजूट जरा कमी पडली. आबांचा आवाज आलाच नाही.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"ताकदीच्या."

बाईंनी पुन्हा नाडी पाहिली. "हृदयाचं असलं तर इथं काही होणार नाही. नांदेडला हलवा. आत्ता, उशीर करू नका."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर इतका मोकळेपणा मी क्वचित पाहिला असेल. नांदेड लांब. नांदेडला आपल्याला कोणी ओळखत नाही. त्यांनी स्वतः स्ट्रेचरला हात लावला. "चला, उचला."

मामी स्ट्रेचरच्या पुढे उभी राहिली.

"थांबा. शिंदी पिलेत हे," ती म्हणाली. "धडधडीच्या गोळीवर. मीच देत होते. रोज."

"वैनी!"

"काय वैनी? तुमी बी दुपारी पिलेच की आबांकडं. तुमी गोळी खाल्ली न्हाई म्हनून उभे हाव." तिने मामाच्या खिशातून पाकीट काढून बाईंच्या हातात दिलं. त्यात एकही गोळी नव्हती. "एक म्या दिली. बाकी यांनी कवा खाल्ल्या मला ठावं न्हाई. पोलीस गाडी दिसली व्हती यांना. म्या डाक्टरचं ऐकलं होतं, बाई, दारू दिली न्हाई. गोळी गरम पडती म्हनून शिंदी दिली."

बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि स्ट्रेचर फिरवायला सांगितलं. मग सगळं भराभर झालं. ऑक्सिजनचं नळकांडं ओढत आणलं, सलाईन लावलं, घशात नळी घातली. बाई हात चालवता चालवताच बोलत होत्या, कोणाकडे न पाहता. "ही गोळी मेंदूला झोपवते. दारूही तेच करते. दोन्ही मिळून श्वास घ्यायचंसुद्धा विसरायला लावतात. नांदेडला निघाला असता तर वाटेतच संपलं असतं."

"पर बाई," आबा म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "त्यानं दारू न्हाई घेतली. शिंदी थंड असती."

"शिंदी दारूच आहे, आबा. आणि दुकानात विकतात ती निव्वळ झाडाची असते कुठे? नशा वाढावी म्हणून गुंगीची पावडर मिसळतात. म्हणजे तुम्ही गोळीवर गोळीच देत होता." मग त्या पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या. "थंडीचं म्हणाल तर त्यांच्या हाताला हात लावून बघा."

आबांनी लावला. आणि ते तिथेच फरशीवर बसले.

मामी उभीच होती. तिने एकच प्रश्न विचारला, "वाचतील का?"

"श्वास चालू राहिला तर," बाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत कळेल."

सकाळी कळलं. मामाने डोळे उघडले आणि नळी काढा अशी खूण केली. मामीने भिंतीकडे तोंड केलं आणि पदर तोंडात धरून रडली. त्याने पाहू नये म्हणून, कारण तो घाबरेल.

अध्यक्ष मोसंबी घेऊन पुन्हा हजर झाले. ठरावाची तूर्त अंमलबजावणी होणार नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी आभार मानले. आबा वस्तीत परत गेलेच नव्हते, व्हरांड्यातच बसून होते.

राउंडला बाई आल्या. घरी गेल्यावर शिंदी कायमची बंद, म्हणाल्या, पण गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. इतके दिवस घेतलेल्या एकदम थांबवल्या तर झटके येऊ शकतात. आठवड्याला यायचं, त्या थोड्या थोड्या कमी करत नेतील. मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "आता मला नीट सांगा. या गोळ्या सुरू कशासाठी झाल्या?"

"कामाचा ताण," अध्यक्ष म्हणाले. "समाजकार्य..."

"भ्या वाटतंय," मामा म्हणाला.

त्याचा घसा नळीने सोललेला होता, आवाज धड निघत नव्हता. तरी सगळ्यांना ऐकू गेला. अध्यक्षांनी मोसंबीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कशाची?" बाईंनी विचारलं.

मामा छताकडे पाहून बोलायला लागला, मामीकडेही न पाहता. त्या दिवशी घर पेटलं तेव्हा तो मागच्या बाजूने पळून ज्वारीत शिरला होता. पीक छातीएवढं होतं. तो आत पालथा पडून राहिला. मामी लेकरं घेऊन माहेरी होती, म्हणून वाचली. आग दिसत नव्हती, नुसता आवाज यायचा. मग धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, कोणी तरी हाक मारली.

"'मास्तर, बाहेर या, काय करत न्हाई' म्हनला. आवाज वळखीचा व्हता. रोज माझ्यासंगं चहा प्यायचा तो. लय येळा हाक मारली. मी तोंडात माती धरली, आवाज निघू ने म्हनून." तो थांबला, पाणी मागितलं, मामीने चमच्याने दिलं. "अजून मला कळलं न्हाई, तो मला वाचवायला आल्ता का मारायला. कुनी कडी वाजवली की तेच वाटतंय. उघडू का नको."

ही गोष्ट कुठल्याच भाषणात आली नव्हती. मामीलाही माहीत नव्हती. आगीतून चालत आलेला माणूस चाललाच नव्हता. तो पालथा पडून होता, तोंडात माती धरून. मला मंडळाची सगळी वाक्यं आठवली, त्यातली बरीचशी माझीच होती.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "बरं गुरुजी, आराम करा. आमची गाडी..."

"बसा," मामी म्हणाली.

"न्हाई, ते बस चुकंल."

"चुकू द्या. इतकी वर्सं तुमी बोलायलाव आन ते ऐकायलेत. आज बसा."

अध्यक्ष पलंगाच्या कडेला बसले. बसल्यावर काय करायचं हे त्यांना माहीत नसावं. पिशवीतून एक मोसंबी काढली आणि नखाने सोलायला लागले. आबा दारात येऊन उभे राहिले होते. बाईंनी पेन ठेवलं.

शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, मोसंबीवरची नजर न काढता, आणि सभेतल्यापेक्षा अगदी वेगळ्या आवाजात:

"मंग तुमी बाहेर आलाव का, गुरुजी?"

"न्हाई," मामा म्हणाला. "अंधार पडंपर्यंत पडून राहिलो."

अध्यक्षांनी एक फोड वेगळी केली आणि मामाच्या हातात दिली.

"मीबी आलो नसतो," ते म्हणाले.